एका टोपीचा माग : रोमन दिनारियसवरची चित्रं

नाणेघाट (धागाकर्ता)

गेला महिनाभर मी एका टोपीच्या मागे लागलोय. नमद्याची, टोकाला निमुळती, अंड्याचं अर्धं टरफल डोक्यावर उपडं ठेवावं तशी. लॅटिनमध्ये तिला पिलेउस म्हणतात. रोमन चांदीच्या नाण्यांचे फोटो मोठे करून बघत होतो आणि ही टोपी पुन्हा पुन्हा दिसायला लागली. दर वेळी वेगळ्या डोक्यावर, आणि एका नाण्यावर तर डोकंच नाही, नुसती टोपी. तिचा माग काढता काढता रोमचा पावणेतीनशे वर्षांचा इतिहास हाताला लागला, म्हणून हा धागा.

आधी नाण्याची ओळख. दिनारियस हे रोमचं मुख्य चांदीचं नाणं. ते इ.स.पू. २११ च्या सुमारास सुरू झालं, म्हणजे रोमचा शत्रू, कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीत ठाण मांडून बसला होता तेव्हा. किंमत सुरुवातीला दहा 'अस' (काशाची नाणी), म्हणून पुढच्या बाजूला, डोक्यामागे दहाचा रोमन आकडा. पुढे सोळा अस झाली. वजन आधी साडेचार ग्रॅमच्या आसपास, लवकरच ३.९ ग्रॅमवर स्थिरावलं. आपल्या हिशेबात सांगायचं तर तीन नाणी मिळून एक तोळा. रुंदी जेमतेम दोन सेंटीमीटर, आणि जे काही सांगायचं ते तेवढ्यातच बसवायचं.

पहिली टोपी अगदी पहिल्या दिनारियसवरच आहे. पुढे शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, मागे भाले रोखून दौडत निघालेले दोन घोडेस्वार. हे कॅस्टर आणि पोलक्स, जुळे भाऊ. (आपल्याला अश्विनीकुमार आठवतातच.) दोघांच्या डोक्यावर तीच टोपी आणि टोपीच्या वर एकेक तारा. हे दोघे अंड्यातून जन्मले, म्हणून टोपी टरफलासारखी, असं काही जुन्या लेखकांनी सांगितलंय. रेगिलस सरोवराच्या लढाईत ते रोमच्या बाजूने लढले आणि विजयाची बातमी घेऊन थेट शहराच्या चौकात आले, तिथल्या झऱ्यावर त्यांनी घोड्यांना पाणी पाजलं, अशी रोमन लोकांची श्रद्धा होती. इ.स.पू. ९६ च्या सुमाराच्या एका दिनारियसवर नेमका तो पाणी पाजण्याचा प्रसंग आहे. नाणं पाडणारा पोस्टुमियस घराण्यातला आणि त्या लढाईचा सेनापतीही पोस्टुमियसच.

हे घराण्याचं प्रकरण समजलं की प्रजासत्ताकाच्या काळातली नाणी उलगडायला लागतात. टांकसाळीवर दरवर्षी तीन अधिकारी नेमले जात. बहुतेक तरुण, राजकारणात नुकते पाऊल टाकणारे. सुरुवातीला चित्रं ठरलेली असत: जुळे घोडेस्वार, विजयादेवीचा रथ. इ.स.पू. १३७ च्या आसपास या तरुणांनी मागच्या बाजूवर आपल्या घराण्याच्या गोष्टी घालायला सुरुवात केली. त्याच वर्षीच्या एका नाण्यावर लांडगीचं दूध पिणारी जुळी बाळं (रोमचे संस्थापक रोम्युलस आणि रेमस) आहेत आणि शेजारी त्यांना सापडवणारा गुराखी फाउस्टुलस उभा आहे. नाणं पाडणाऱ्याचं आडनाव फोस्टलस! आपला पूर्वज शहराच्या जन्माच्या वेळी हजर होता, हे त्याने प्रत्येक बाजारकरूच्या हातात नेऊन ठेवलं.

आता माझं सगळ्यात आवडतं नाणं. इ.स.पू. ८२, नाणं पाडणारा गायस मामिलियस लिमेटानस. पुढे पंखांची टोपी घातलेला मर्क्युरी देव. मागे एक माणूस हातात काठी घेऊन चाललाय. अंगावर खलाशाचे साधे कपडे आणि डोक्यावर आपला पिलेउस. हा ओडिसियस, रोमन भाषेत युलिसीस. वीस वर्षांनी घरी परततोय, वेषांतर केलंय, त्याला कोणी ओळखलेलं नाही. पुढे वाकून त्याने उजवा हात केलाय, आणि समोर त्याचा कुत्रा अर्गस मान वर करून मालकाकडे बघतोय. होमरच्या काव्यात तो कुत्रा मालकाला ओळखतो आणि तिथेच प्राण सोडतो.

कुत्र्याची उंची नाण्यावर पाच-सहा मिलिमीटर असेल. त्यात चार पाय, शेपटी, वर केलेलं तोंड सगळं आहे. हात आणि कुत्र्याचं नाक यांच्यामध्ये थोडीशी मोकळी जागा सोडलीय. माणूस अजून कुत्र्यापर्यंत पोचलेला नाही. मी ती जागा किती वेळा बघितली असेल, सांगता येणार नाही.

तिसरी टोपी इ.स.पू. ७५ ची, फार्सुलेयस मेन्सरच्या दिनारियसवर. लिबर्टास, म्हणजे स्वातंत्र्यदेवता, आणि तिच्या मानेमागे सुटी टोपी. रोममध्ये गुलामाला मुक्त करताना त्याचं डोकं भादरून त्याला पिलेउस घालत. टोपी दिसली की 'हा आता कोणाचा गुलाम नाही' एवढं वाचता न येणाऱ्यालाही कळे.

आणि मग इ.स.पू. ४२. सीझरला मारणाऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसच्या सैन्याबरोबर फिरणाऱ्या टांकसाळीतलं नाणं. मागे मधोमध टोपी, दोन्ही बाजूंना एकेक खंजीर. खाली अक्षरं 'एइद मार', म्हणजे मार्चच्या मध्यावरचा दिवस, १५ मार्च, सीझरच्या खुनाचा दिवस. खंजिरांच्या मुठी सारख्या नाहीत, नीट बघा. दोन वेगळ्या माणसांची ती हत्यारं आहेत, ब्रूटसचं एक आणि कॅसियसचं दुसरं, असं मानतात. पुढच्या बाजूला ब्रूटसचा स्वतःचा चेहरा आहे. इ.स.पू. ४४ च्या सुरुवातीला सीझरचा चेहरा नाण्यांवर आला, जिवंत माणसाने असं करायची ती पहिली वेळ, आणि काही आठवड्यांतच त्याचा खून झाला. मारणाऱ्याने दोन वर्षांत तेच केलं. ऐन तरुणपणी, इ.स.पू. ५४ मध्ये, टांकसाळीवर असताना याच ब्रूटसने राजाला हाकलून देणाऱ्या आपल्या पूर्वजाचं चित्र नाण्यावर घातलं होतं. ती दोन नाणी शेजारी ठेवली की मला या माणसाबद्दल वाईट वाटतं.

फिलिप्पीच्या लढाईत ब्रूटस संपला, टोपी मात्र उरली. इ.स. ६८ मध्ये नीरो मेल्यावरच्या यादवीत कोणीतरी आपलं नाव न घालता दिनारियस पाडले: टोपी आणि दोन खंजीर, तसेच्या तसे. शंभरावर वर्षं लोटली होती, तरी ते चित्र लोकांना समजेल याची पाडणाऱ्याला खात्री होती.

इतकंच सापडलंय. अजून कुठे ही टोपी दिसली असेल तर जरूर सांगा.

टेम्सकाठी

फार सुंदर धागा. ब्रिटिश म्युझियमच्या नाण्यांच्या दालनात मी कितीतरी वेळा गेलेय, पण प्रत्येक वेळी चेहरेच बघत आले. प्रत्यक्षात ही नाणी इतकी लहान असतात की काचेला नाक लावावं लागतं. फोटोंमुळे आपल्याला ती मोठी वाटतात. माझ्या बोटाच्या नखापेक्षा थोडंसं मोठं, एवढंच.

एक शंका. या नाण्यांतल्या खाचाखोचा सामान्य माणसाला खरंच कळत होत्या का? की हे वरच्या वर्गाचं आपापसांतलं बोलणं होतं?

इतिहासवाली

नाणेघाट, आधी एक दुरुस्ती. सीझर 'पहिला' हे रोमच्या टांकसाळीपुरतंच खरं. त्याच्या दीडशे वर्षं आधी फ्लॅमिनिनस या रोमन सेनापतीचा चेहरा त्याच्या हयातीतच ग्रीसमध्ये सोन्याच्या नाण्यावर आला होता. ते नाणं ग्रीक पद्धतीचं, दिनारियस नव्हे. पण 'पहिली वेळ' म्हणताना तेवढं जोडायला हवं.

टेम्सकाठींच्या प्रश्नाबद्दल. सगळं सगळ्यांना कळत नसणार. मामिलियस घराण्याचा ओडिसियसशी काय संबंध, हे बटव्याएवढी मिळकत असलेल्या माणसाला माहीत असायची गरज नव्हती. (संबंध असा: हे घराणं मूळचं रोमजवळच्या टस्क्युलम गावचं. ओडिसियस आणि जादूगारीण सर्सी यांचा मुलगा टेलेगोनस याच्यापासून आपला वंश सुरू झाला, असं ते सांगत. आणि गंमत बघा, रेगिलसच्या लढाईत टस्क्युलमचा ऑक्टेव्हियस मामिलियस हा रोमच्या विरुद्ध लढला होता. म्हणजे धाग्यातली पहिली टोपी आणि दुसरी टोपी एकमेकींसमोर उभ्या ठाकलेल्या बाजूंच्या आहेत.) पण टोपी सगळ्यांना कळत होती, याला लेखी पुरावा आहे. सीझरला मारल्यावर मारेकऱ्यांपैकी एकाने भाल्याच्या टोकावर पिलेउस अडकवून मिरवला, असं ॲपियन लिहितो. नीरो मेला तेव्हा सामान्य लोक पिलेउस घालून शहरभर धावत सुटले, असं स्यूटोनियस लिहितो. आणि ब्रूटसच्या नाण्याची नोंद कॅसियस डिओ या इतिहासकाराने जवळजवळ अडीचशे वर्षांनी केली, टोपी आणि दोन खंजिरांसकट. नाण्यावरचं चित्र कसं आहे हे सांगायला प्राचीन इतिहासकार सहसा थांबत नाहीत, डिओ इथे थांबला.

चित्र समजत होतं याचा मला सगळ्यात ठोस वाटणारा पुरावा मात्र शत्रूंच्या नाण्यांत आहे. इ.स.पू. ९१ मध्ये इटलीतल्या दोस्त जमाती रोमवर उलटल्या. पिढ्यान्‌पिढ्या रोमसाठी लढूनही नागरिकत्व नाही, हे त्यांचं दुखणं. त्यांनी स्वतःची राजधानी केली, स्वतःचं नाणं काढलं आणि तेही दिनारियसच्याच वजनाचं, दिनारियसच्याच घाटाचं. त्यावर एक बैल लांडगीला शिंगांनी जमिनीवर दाबतोय. लांडगी म्हणजे रोम, बैल म्हणजे इटली. दुसऱ्या एका नाण्यावर गुडघे टेकलेल्या माणसाने डुक्कर धरलंय आणि भोवती योद्धे तलवारी रोखून शपथ घेताहेत. हे चित्र त्यांनी रोमच्याच इ.स.पू. १३७ च्या एका दिनारियसवरून उचललं. ज्या नाण्यात त्यांच्या सैनिकांना पगार मिळत आला होता, त्याच भाषेत त्यांनी उत्तर दिलं. 'इटालिया' हा शब्द नाण्यावर पहिल्यांदा येतो तो या बंडखोरांच्या नाण्यांवर. इटलीच्या इतिहासातली ही चांदी मला फार मोलाची वाटते.

अमरावतीकर

वाचतोय. जुळ्या घोडेस्वारांबद्दल थोडी भर: त्यांच्या टोप्या भारतातही आल्या, पण रोमन नाणी इथे यायच्याही आधी. बॅक्ट्रियाचा (आजच्या अफगाणिस्तानाकडचा) ग्रीक राजा युक्रेटिडीस याच्या नाण्यांवर हेच भाले रोखलेले स्वार आहेत, आणि इंडो-ग्रीक राजा अँटिअल्किडसच्या नाण्यांवर नुसत्या दोन टोप्या शेजारी शेजारी, ताडाच्या फांद्यांसह. हा अँटिअल्किडस म्हणजे विदिशेच्या गरुडस्तंभावर ज्याचं नाव कोरलंय तोच. त्याच्या हेलिओडोरस या वकिलाने (राजदूताने) तो स्तंभ वासुदेवासाठी उभारला. विदिशा आमच्याकडून रात्रीच्या गाडीच्या अंतरावर, त्यामुळे स्तंभ दोनदा पाहून झालाय. टोप्यांचं मात्र आज कळलं.

सोनारआळी

आमच्या घरात चार पिढ्या चांदीकाम आहे, म्हणून कारागिराच्या अंगाने लिहितो.

टायटस कॅरिसियसचा इ.स.पू. ४६ चा दिनारियस बघा. पुढे मोनेटा देवी. जुनोच्या याच रूपाच्या देवळालगत रोमची टांकसाळ होती, आणि इंग्रजांचा 'मनी' हा शब्द तिच्याच नावावरून आला. मागे टांकसाळीची हत्यारं: ऐरण, सांडशी, हातोडा. जगात कुठल्या टांकसाळीने आपली हत्यारं इतकी नीट मांडून दाखवली असतील असं वाटत नाही. आता ऐरणीच्या वर एक निमुळती, पानांची माळ घातलेली वस्तू आहे. जुन्या पुस्तकांत ती 'व्हल्कनची टोपी' म्हणून येते, म्हणजे लोहारांच्या देवाची. नाणेघाट, तुमच्या यादीत ही टोपी येईल म्हणून वाट बघत होतो. पण माझं मत वेगळं आहे. तो वरचा ठसा आहे. बाकीची तिन्ही हत्यारं आहेत आणि ठशाशिवाय नाणं पडतच नाही. ऐरण दाखवायची, हातोडा दाखवायचा आणि ठसा वगळायचा, असं कुठला कारागीर करील? असं मानणारे अभ्यासकही बरेच आहेत. ठशाला पानांची माळ घातलीय, कारण ज्याच्यातून पैसा जन्मतो त्याची पूजा होणारच. आम्ही दसऱ्याला हातोडीला झेंडूचं फूल वाहतोच की.

पद्धत अशी. खालचा ठसा ऐरणीत घट्ट बसवलेला, बहुतेक पुढच्या बाजूचा. चांदीची चकती तापवून सांडशीने त्यावर ठेवायची, वरून दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा घालायचा. वरच्या ठशावर घाव थेट बसतो, त्यामुळे तो लवकर फुटतो. म्हणून मागच्या बाजूचे ठसे जास्त लागत. कित्येक नाण्यांत चित्र एका कडेला सरकलेलं दिसतं, तो हात हललेला असतो. आणि ठशावर सगळं उलटं आणि खोल कोरायचं, हे विसरू नका. कुत्रा डावीकडे बघायला हवा असेल तर तो उजवीकडे बघणारा कोरायचा, भिंगाचा नीट भरवसा नसताना.

मामिलियसच्या नाण्याच्या कडेला करवतीसारखे दाते आहेत, ते फोटोत पाहिले का? चकती ठशाखाली जायच्या आधीच ते पाडत. तांब्यावर चांदीचा पत्रा चढवून खोटी नाणी तेव्हाही होत. दाते पाडले की आतलं तांबं दिसेल, असा हेतू असावा असं म्हणतात; पण दाते असलेलीही मुलाम्याची नाणी सापडलीत, म्हणजे खोटं करणारा त्यांच्याही पुढचा निघाला. जर्मन टोळ्यांना जुनी, दाते असलेली आणि दोन घोड्यांच्या रथाची नाणी हवी असत, असं रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहिलंय. ओळखीच्या नाण्यावर विश्वास, दुसरं काय.

नवा_भिडू

मी या विषयात अगदी नवीन. अक्षरं कशी वाचायची? आणि भारतात असं एखादं नाणं विकत घेता येतं का?

नाणेघाट

सोनारआळी, ठशाचं पटलं. ती टोपी मी यादीतून काढतो. पानांच्या माळेचा असा विचार मी केलाच नव्हता.

इतिहासवाली, दुरुस्ती मान्य. आणि मामिलियस रेगिलसला समोरच्या बाजूला होता, हे वाचून मी अक्षरशः उठून बसलो.

नवा_भिडू, अक्षरांची थोडक्यात युक्ती. 'यू' साठीही 'व्ही' हेच अक्षर येतं. शब्द तोडून लिहिलेले असतात. सम्राटांच्या नाण्यांवर 'इम्प' म्हणजे सेनापती-सम्राट, 'कॉस' म्हणजे कॉन्सल (रोमचा वरिष्ठ पदाधिकारी), दोन 'पी' म्हणजे राष्ट्रपिता. 'टीआर पी' (लोकप्रतिनिधीचा, ट्रिब्यूनचा अधिकार) दिसलं तर पुढचा आकडा बघा: तो अधिकार दरवर्षी नव्याने मोजत, त्यामुळे नाणं कुठल्या वर्षीचं ते कळतं. आधी चित्र ओळखायला शिका. हातात तराजू असेल तर न्याय्य वजनाची एक्विटास, सुकाणू असेल तर नशिबाची फोर्तुना, सापाला खाऊ घालत असेल तर आरोग्याची सालुस. सम्राट हेड्रियनने तर आपल्या प्रवासातले प्रांत नाण्यांवर बसवले. हिस्पानियाच्या (स्पेनच्या) पायाशी ससा असतो.

विकत घ्यायचं तर आधी कायदा बघा. शंभर वर्षांपुढचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरतं, ते देशाबाहेर नेता येत नाही. आणि शेतात, घराचा पाया खणताना काही सापडलं तर १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांवरची कुठलीही ठेव जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. कळवाच. कुठे, कशात, कशाबरोबर सापडलं हे गेलं की नाण्याची निम्मी गोष्ट जाते.

कोकणकडा

विकत घेण्याबद्दल माझा अनुभव सांगतो, कोणाचे तरी पैसे वाचतील. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून सम्राट टायबेरियसचा दिनारियस घेतला. पहिला पगार वाढला होता, मोठ्या हौसेने घेतला. घरी आणून वजन केलं तर पावणेतीन ग्रॅम. त्या काळातलं नाणं पावणेचारच्या आसपास हवं. भिंगाखाली पृष्ठभागावर बारीक बारीक खड्डे दिसले, म्हणजे ओतीव काम, ठशाने पाडलेलं नाही. कडेला साच्याची शिवण घासून काढायचा प्रयत्न केलेला स्पष्ट दिसत होता. पैसे परत मिळाले नाहीत. वाईट पैशांचं वाटलंच, पण जास्त वाईट याचं वाटलं की दोन रात्री मी ते उशाशी ठेवून झोपलो होतो.

आता कुठलंही नाणं हातात घेण्याआधी काटा आणि भिंग. चित्र नंतर.

गोदाकाठ

धागा वाचून राहवलं नाही. टोपी तिकडे राहिली, पण दिनारियस आपल्याकडे आले, आणि त्यांच्यावरची चित्रं आपल्या मातीत वेगळंच काही झाली. त्याबद्दल लिहितो.

पहिल्या शतकातलं 'पेरिप्लस' हे एका ग्रीक व्यापाऱ्याचं समुद्री वाटांचं टिपण. त्यात भडोचला येणाऱ्या मालात सोन्याचांदीचे दिनारियस आहेत आणि ते स्थानिक नाण्यांशी बदलताना नफा होतो असं स्वच्छ लिहिलंय. त्याच टिपणात आपलं पैठण आहे, भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर. तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे तेर. सोपारा आणि कल्याण ही बंदरंही आहेत.

भारतात दिनारियसचे मोठे साठे सापडले ते मुख्यतः दक्षिणेत, कोइम्बतूरच्या पट्ट्यात आणि तेलंगणात. नलगोंडा भागातल्या अक्कनपल्लीच्या एका साठ्यात दीड हजारांहून जास्त नाणी होती. त्यांत दोनच चित्रांचा भरणा असतो. एक टायबेरियसचं, मागे हातात फांदी घेऊन बसलेली स्त्री. दुसरं ऑगस्टसचं, त्याबद्दल थांबून सांगायला हवं. मागे झगे घातलेले दोन तरुण समोरासमोर उभे आहेत. दोघांच्या मध्ये जमिनीवर दोन ढाली, दोघांचा हात आपापल्या ढालीवर, ढालींमागे भाले, वर पूजेची उपकरणं. हे गायस आणि लुसियस, ऑगस्टसचे नातू. मुलीची मुलं त्याने दत्तक घेतली आणि वारस म्हणून नाण्यावर आणली, इ.स.पू. २ पासून. लुसियस इ.स. २ मध्ये गेला, गायस इ.स. ४ मध्ये. आजोबा त्यांच्यानंतर दहा वर्षं जगला. ती नाणी फ्रान्समधल्या लियॉंच्या टांकसाळीतून निघून तांबड्या समुद्रावरून इथे येत राहिली. मिऱ्यांच्या पोत्यामागे ती मोजून घेणाऱ्याला ही पोरं कोण, ती आता हयात नाहीत, यातलं काही ठाऊक नव्हतं. आणि तरी हीच छाप इतकी विश्वासाची झाली की आपल्याकडच्या कारागिरांनी तिच्या नकला केल्या, अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा काढून.

हीच नाणी का, याचं कारण बहुधा कसात आहे. ऑगस्टस-टायबेरियसची चांदी जवळजवळ शुद्ध. इ.स. ६४ मध्ये नीरोने वजन आणि कस दोन्ही उतरवले. पुढे सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात चांदी निम्म्यावर आली, आणि तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात चांदीचं म्हणवलं जाणारं नाणं तांब्यावर चांदीचा हात फिरवल्यासारखं उरलं.

तेरला मातीच्या चकत्या सापडल्यात, रोमन नाण्याच्या छापाच्या, गळ्यात बांधायला वर भोक किंवा कडी असलेल्या. तेलंगणातल्या कोंडापूरलाही तशा आहेत. कोणीतरी परक्या सम्राटाचा चेहरा ओल्या मातीत दाबून दागिना केला. ज्याला चांदी परवडत नव्हती त्याने चित्र तरी घेतलं, असं मला त्या चकत्यांकडे बघताना वाटतं.

आणि चेहऱ्याची कल्पना आपल्याकडे रुजली. क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर त्याचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं आहेत. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला १३,००० च्या वर नाणी सापडली. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलाय, नहपानाच्या चेहऱ्यावरच कमानींचा डोंगर. वितळवून नवी पाडणं त्याला अशक्य नव्हतं. पण जुना चेहरा खाली अर्धवट दिसत राहिला की कोण हरलं ते सांगावं लागत नाही.

शब्दही इथेच राहिले. गुप्तकाळातल्या सांचीच्या लेखात पंचवीस दीनारांचं दान आहे, तो दीनार म्हणजे दिनारियस. आपण रोज म्हणतो तो 'दाम' ग्रीक द्राख्मा, मग द्रम्म, असा आला.

इतिहासवाली

गोदाकाठ, उत्तम. यात रोमन लेखक थोरल्या प्लिनीने सांगितलेली एक हकिगत जोडते. सम्राट क्लॉडियसच्या काळात तांबड्या समुद्रावरच्या करवसुलीतला एक माणूस वाऱ्याने भरकटून लंकेला लागला. तिथल्या राजाने त्याला सहा महिने ठेवून घेतलं, रोमबद्दल विचारलं. राजाला सगळ्यात नवल वाटलं ते त्या माणसाजवळच्या दिनारियसचं: चेहरे वेगवेगळे, म्हणजे पाडणारे राजे वेगवेगळे, आणि तरी सगळ्यांचं वजन एक. एवढ्यावरून त्याने रोमन लोक प्रामाणिक असले पाहिजेत असं ठरवलं आणि वकील पाठवले. कसोटी चित्रांची होती आणि वजनाचीही, हे त्या राजाने बरोबर हेरलं.

टेम्सकाठी

गायस-लुसियसची ती छाप शनिवारी शोधणार आहे. इतकी वर्षं त्या नाण्यासमोरून चालत गेले असणार.

सोनारआळी

कुत्रा डोक्यातून जाईना, म्हणून गेल्या रविवारी बसलो. पोलादाचा तुकडा घेतला, नाण्याएवढं वर्तुळ आखलं आणि अर्गस उलटा कोरायला सुरुवात केली. भिंग मी वापरलं, दिव्याचा उजेडही होता. अंग सहज आलं. एक खोलगट टिंब आणि ओढलेली रेघ, झालं. पाय म्हणजे चार बारीक रेघा. मानेशी अडकलो. मान वर हवी, पण जास्त वर केली की कुत्रा भुंकतोय असं दिसतं आणि कमी केली की वास घेतोय असं. तीन तुकडे वाया गेले. चौथ्यावर शिशाच्या चकतीवर ठोकून बघितलं.

बरा आलाय. मुलीला दाखवला, ओळख न सांगता. ती म्हणाली, हा कोणाची तरी वाट बघतोय. हात अजून कोरला नव्हता, कुत्रा एकटाच होता. आता मालक कोरतो. नाणेघाट, मधली जागा किती सोडू ते मोजून कळवा.

नाणेघाट

मोजली. फोटोवरून हिशेब केला तर एक मिलिमीटरही भरत नाही. बोटाच्या टोकापासून नाकापर्यंत. टोपीची कड मात्र जरा जाड ठेवा, मूळ नाण्यावर ती ठळक आहे.